निळ्या डगल्याची पोरं

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला विषय दिला होता ‘शिक्षण आणि समाज’. या विषयावर दरवर्षी भाषण होतं आणि दरवर्षी लोक चहा कधी येतो ते बघत बसतात. म्हणून आम्ही विषय थोडा बदलला आहे. अध्यक्षांना तसं सांगितलं आहे. आज आम्ही एका शाळेबद्दल बोलणार आहोत. ही शाळा इंग्लंडातली आहे. आम्ही ती पाहिलेली नाही, पाहण्याचा योग येईल असंही नाही. गिरणीत असताना दुसऱ्या पाळीला जाण्याआधी फोर्टातल्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची आम्हाला सवय होती. तिथे चार्ल्स लँब नावाच्या लेखकाचं एक फाटकं पुस्तक मिळालं. आमचं शिक्षण नववी. एका हातात डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचायला आम्हाला पावसाळा गेला. त्यात या शाळेची हकीकत आहे. मग तिच्याबद्दल जिथे जे मिळालं ते वाचत गेलो.

शाळेचं नाव ख्राइस्ट्स हॉस्पिटल. नाव ऐकून दवाखाना वाटतो, पण त्या काळी हॉस्पिटल म्हणजे आसरा देण्याची जागा. लंडनच्या न्यूगेट भागात भिक्षुकांचा एक मठ राजाने बंद केला होता. त्या रिकाम्या मठात १५५२ साली लंडनच्या रस्त्यावरची, गरिबाघरची ३८० मुलं आणून ठेवली. सहावा एडवर्ड राजा तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याने १५५३ साली सनद दिली आणि काही दिवसांतच तो वारला. शाळा मात्र राहिली. ती आजही चालू आहे.

मुलांना कपडे शाळेचे. पायापर्यंत लांब निळा डगला, कमरेला कातडी पट्टा, पायांत पिवळे मोजे. निळा म्हटल्याबरोबर तुमच्यातले काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. त्या निळ्याचा आणि आपल्या निळ्याचा काही संबंध नाही, बरं का. तिकडे निळा रंग स्वस्त होता. नोकरचाकर, उमेदवार कामगार हेच लोक तो घालायचे. म्हणजे हा डगला घालून पोरगं रस्त्याने निघालं की दुरूनच कळायचं, हे धर्मादाय शाळेचं पोर आहे.

आमच्या पिढीच्या लोकांनी हे वेगळ्या तऱ्हेने भोगलं आहे. आम्ही ज्या शाळेत होतो (तिचं नाव घेत नाही) तिथे एक गुरुजी वर्षातून दोनदा वर्गात म्हणायचे, फ्रीशिपवाले उभे राहा. आम्ही उभे राहायचो. डगला नव्हता, पण अंगावर काहीतरी चढवल्यासारखं वाटायचं खरं. असो.

तर या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांचं पुढे काय झालं, ते आज सांगायचं आहे. सगळ्यांचं सांगत नाही. साडेचारशेहून जास्त वर्षांत पोरं किती झाली असतील!

सॅम्युएल टेलर कोलरिज. इंग्रजीतला मोठा कवी. खेड्यातल्या पाद्र्याचा धाकटा मुलगा. १७८१ साली बाप मेला, आणि पुढच्या वर्षी, दहा वर्षांचाही झाला नव्हता तोच, त्याला या शाळेत आणून सोडलं. प्रवेश कसा मिळाला? बापाचा एक जुना विद्यार्थी न्यायाधीश होता, त्याने शब्द टाकला. म्हणजे वशिला तिथेही होताच. गरिबांच्या शाळेत शिरायलाही कुणीतरी मोठा ओळखीचा लागत होता. ज्यांना तसा कुणी नव्हता त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

शाळेच्या जवळ एक चांभार होता. नवरा-बायको दोघेही कोलरिजशी मायेने वागायचे. पोराला वाटलं, आपणही चांभार व्हावं. तेरा-एक वर्षांचा असताना तो त्या चांभाराकडे गेला आणि मला उमेदवार म्हणून ठेवून घ्या म्हणाला. चांभार सरळ माणूस. तो पोराला घेऊन थेट हेडमास्तरांकडे गेला. हेडमास्तरांचं नाव बॉयर. त्यांची छडी सगळ्या शाळेला ठाऊक होती. ते भडकले, पोराला खाली पाडलं आणि चांभाराला धक्के मारून खोलीबाहेर काढलं. चांभार का व्हायचंय, असं विचारल्यावर पोरगं म्हणालं की मला चपलाबूट शिवायला आवडेल, पाद्री होणं नको, कारण माझा देवाधर्मावर विश्वास नाही. त्यावर पुन्हा मार. म्हातारपणी कोलरिज म्हणायचा की तो मार मला योग्यच मिळाला. आम्हाला मात्र ही गोष्ट वाचताना पोराच्या पाठीपेक्षा त्या चांभाराचं जास्त वाटलं. त्या माणसाने काय गुन्हा केला होता? पोराचं भलं व्हावं म्हणून हातातलं काम टाकून तो शाळेत आला, आणि त्याला धक्के खावे लागले. कवीचं चरित्र शेकडो लोकांनी लिहिलं असेल. त्या चांभाराने घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, ते कुणी लिहिलेलं नाही.

याच पोराची दुसरी गोष्ट. लंडनच्या रस्त्यावरून तो आपल्याच तंद्रीत चालला होता. मनात ग्रीक गोष्टीतला समुद्र पोहून जाणारा वीर, त्यामुळे हात पोहल्यासारखे हलवीत होता. हात लागला एका गृहस्थाच्या खिशाला. गृहस्थाने पकडलं, चोर म्हणून. पोराने रडत खरं काय ते सांगितलं. गृहस्थ इतका चकित झाला की त्याने त्याच्या नावाने एका वाचनालयाची वर्गणी भरली. मग पोराने त्या वाचनालयाच्या यादीतली पुस्तकं एका टोकापासून वाचायला घेतली, रोज दोन. आपल्या अभ्यासिकेतली पोरं विचारतात, काय वाचू? त्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो. अर्थात आपल्या कपाटात दोनशे पुस्तकं आहेत आणि त्यांतली चाळीस एकाच गाइडच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत, ही गोष्ट निराळी. देणगीदारांनी लक्ष द्यावं.

शाळेत वरच्या हुशार मुलांना ‘ग्रेशियन’ म्हणायचे, म्हणजे ग्रीक शिकलेले. त्यांना शाळेच्या खर्चाने विद्यापीठात पाठवायचे. कोलरिज तसा १७९१ साली केंब्रिजला गेला. पुढच्याच वर्षी त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ग्रीक भाषेत कविता लिहून सुवर्णपदक मिळवलं. धर्मादाय डगल्यातून आलेल्या पोराने गुलामांची बाजू घेतली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. कर्ज झालं, तेव्हा खोट्या नावाने घोडदळात भरती झाला. घोड्यावर धड बसता येईना. भावांनी सोडवून आणला. पदवी न घेताच केंब्रिज सुटलं. १७९८ साली वर्डस्वर्थबरोबर ज्या पुस्तकात त्याची म्हाताऱ्या खलाशाची कविता आली, त्या पुस्तकाने इंग्रजी कवितेचं वळण बदललं असं जाणकार म्हणतात. आणि त्याच माणसाला अफूची सवय लागली, ती शेवटपर्यंत पुरती सुटली नाही. आयुष्याची शेवटची अठरा वर्षं एका डॉक्टरच्या घरी राहून काढली. आता सांगा, हा ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ की अयशस्वी?

आता चार्ल्स लँब. खरं तर याच्यासाठीच आम्ही उभे राहिलो आहोत.

लँबचा बाप एका वकिलाच्या घरचा चाकर आणि कारकून, दोन्ही. त्या वकिलाच्या ओळखीने १७८२ साली सात वर्षांचा चार्ल्स शाळेत आला. शाळेतलं पहिलं दृश्य त्याने लिहून ठेवलंय: पायांत बेड्या घातलेला मुलगा. पळून गेला होता म्हणून. दुसऱ्यांदा पळालं तर अंधारकोठडी. तिसऱ्यांदा पळालं तर सगळ्यांसमोर फटके देऊन हाकलायचे. जेवण कसं, तर सोमवारी पांचट दूधपेज, शनिवारी वाटाण्याचं बेचव सूप. लँबचं घर जवळ होतं, म्हणून त्याची म्हातारी आत्या घरून गरम खाणं पदराखाली झाकून आणायची. शाळेच्या दाराशी कोळशाच्या कोठीच्या पायऱ्या होत्या, तिथे ती बसायची, पदर सोडायची आणि वाडगं काढायची. पोरगं खायचं, पण बाकीची पोरं बघतायत म्हणून त्याला आत्याची लाज वाटायची. मोठेपणी त्याने हे कबूल केलंय, आणि त्या लाजेचीच त्याला लाज वाटली.

आमची आई कागद, काच, पत्रा वेचायची. मधल्या सुट्टीत खांद्यावर गोणी तशीच ठेवून ती शाळेच्या फाटकाशी भाकरी घेऊन यायची. आम्ही तिला सांगायचो, फाटकावर नको, मागच्या भिंतीकडे ये. तिने कधी विचारलं नाही, का म्हणून. फोर्टच्या फूटपाथवर घेतलेलं ते पुस्तक आम्ही त्या पानावर मिटलं, ते आठवडाभर उघडलं नाही. एवढंच सांगतो, पुढे जातो.

लँब हुशार होता, पण बोलताना अडखळायचा. वरच्या वर्गात जाऊन पुढे पाद्री व्हायचं तर प्रवचन करता आलं पाहिजे. अडखळणारा प्रवचन काय करणार? म्हणून त्याला ग्रेशियन केलं नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. त्याचा जिवलग मित्र कोलरिज केंब्रिजला गेला आणि लँब १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिशेबनीस कारकून म्हणून चिकटला. पहिली तीन वर्षं तर नियमित पगारही नव्हता, नुसती बक्षिसी. याच कंपनीने आपला देश गिळला. हिंदुस्थानातून जाणारं कापड, रेशीम, नीळ यांचे हिशेब त्या कचेरीच्या वह्यांत चढायचे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या घामाच्या नोंदी एका निळ्या डगल्याच्या पोराच्या हाताने झाल्या असतील. तेहतीस वर्षं तो त्या टेबलावर बसला. नंतर थट्टेने लिहायचा की माझे खरे ग्रंथ कंपनीच्या कचेरीतल्या फळीवर आहेत, त्या हिशेबाच्या वह्या.

आणि घरची हकीकत ऐका. १७९६ साल. बाप म्हातारा आणि भ्रमिष्ट, आई अंथरुणाला खिळलेली. मोठी बहीण मेरी दिवसभर लोकांचे कपडे शिवायची आणि रात्री आईची सेवा करायची. कामाच्या आणि जागरणाच्या त्या ताणात तिचं मन फिरलं आणि तिने स्वयंपाकघरातल्या सुरीने आईलाच मारलं. चार्ल्स तेव्हा एकवीस वर्षांचा. लोक म्हणाले, हिला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेव. त्याने ऐकलं नाही. जबाबदारी लिहून घेतली आणि बहिणीला घरी आणलं. लग्न केलं नाही. तिला पुन्हा लक्षणं दिसू लागली की दोघं बहीणभाऊ हातात हात घालून रडत रडत इस्पितळाच्या रस्त्याने चालत जायचे, असं पाहणाऱ्यांनी सांगितलंय. बरी असली की ती लिहायची. १८०७ साली शेक्सपियरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी निघाल्या, त्यांतल्या बहुतेक तिच्या. पण पुस्तकावर नाव छापलं एकट्या चार्ल्सचं. आपल्याकडेही सभेचं सगळं काम भगिनी करतात आणि पत्रिकेवर नावं आमची. (महिला मंडळाने टाळ्या वाजवल्या.)

रात्री, कचेरी सुटल्यावर, लँब लेख लिहायचा. ते लेख आज दोनशे वर्षांनी लोक वाचतात. १८२५ साली तो वर्षाला ४४१ पौंड पेन्शनवर निवृत्त झाला. तेव्हा त्याने जे लिहिलंय, ते आमच्यासारख्या गिरणीवाल्याला पटकन कळतं. घड्याळ सुटलं, पण हात-पाय त्याच वेळेला उठतात. आमची गिरणी बंद झाली, तेव्हा कित्येक महिने आम्ही पहाटे डबा घेऊन नुसतेच नाक्यावर जाऊन उभे राहायचो. लँबला पेन्शन तरी होती.

कोलरिज जुलै १८३४ ला गेला. लँब त्याच वर्षीच्या डिसेंबरात. शाळेत जमलेली दोस्ती बावन्न वर्षं टिकली. केंब्रिजवाला आणि कारकून असा भेद त्यांच्यात राहिला नाही.

ली हंटचं थोडक्यात सांगतो. त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात असायचा. तुरुंगातली खोली हीच पोराची पहिली आठवण. तोही अडखळायचा, म्हणून तोही विद्यापीठात गेला नाही. वर्तमानपत्र चालवलं, राजपुत्रावर सडकून लिहिलं आणि १८१३ ते १८१५ अशी दोन वर्षं स्वतः तुरुंगात गेला. तिथल्या खोलीला त्याने गुलाबाच्या फुलांचा कागद लावला होता. लँब बहीणभाऊ तिथे त्याला भेटायला जायचे. कीट्स नावाच्या तबेलेवाल्याच्या पोराची कविता पहिल्यांदा छापली ती याच हंटने.

शाळेत गणिताचं एक खातं होतं, १६७३ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने काढलेलं. चाळीस पोरांना जहाज हाकण्याचं गणित शिकवून कप्तानांच्या हाताखाली द्यायचे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेला ज्योतिषी विल्यम वेल्स पुढे तिथला मास्तर होता. त्या पोरांतली कितीतरी समुद्रात गेली आणि त्यांची कुणाला नावं माहीत नाहीत. शाळेच्या ज्या पोरांची नावं राहिली त्यांतला एक कॅव्हान्यारी. साम्राज्याचा वकील म्हणून काबूलला गेला आणि ३ सप्टेंबर १८७९ ला तिथेच मारला गेला. त्याच्याबरोबर जे हिंदी शिपाई मेले, त्यांच्या पोरांसाठी निळ्या डगल्याची शाळा नव्हती. आणखी एक हेन्री मेन. हा १८६२ ते १८६९ हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेमंत्री होता. १८६१ च्या त्याच्या ग्रंथाचं सार असं, की समाज पुढे जातो तो जन्माने ठरलेल्या दर्जाकडून माणसामाणसांतल्या कराराकडे. वाक्य मोठं आहे. जन्माने ठरलेला दर्जा म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना मेनसाहेबाकडून शिकायची गरज नाही.

१९०२ साली मुलांची शाळा लंडनमधून हॉर्शम गावाकडे गेली. बाबासाहेब १९१६ साली लंडनला शिकायला पोचले, तेव्हा ती जागा सोडून शाळेला चौदा वर्षं झाली होती. मुलीही १५५२ पासून शाळेत होत्या, पण त्यांना पुढे वेगळ्या गावी ठेवलं. शिवणटिपण शिकवायचं आणि घरकामाला लावायचं. १९८५ साली त्या हॉर्शमला एकत्र आल्या. जुन्या नामवंतांच्या याद्या आम्ही पाहिल्या, त्यांत मुलींची नावं हाताच्या बोटांवर. मुली हुशार नव्हत्या असं कोण म्हणेल? त्यांना शिकवलंच शिवण.

अलीकडच्या काळातले दोघे-तिघे सांगतो. बार्न्स वॉलिस. शाळा सोडून कारखान्यात लागला, मग गोदीत. काम करता करता अभ्यास केला आणि १९२२ साली, पस्तिशीला टेकल्यावर, लंडन विद्यापीठाची इंजिनियरची पदवी बाहेरून घेतली. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांनी नाव लिहून घ्यावं. पाण्यावर उड्या मारत जाणारा बॉम्ब त्याने बनवला आणि मे १९४३ मध्ये त्याने जर्मनीची धरणं फोडली. गेलेल्या १३३ वैमानिकांतले ५३ मारले गेले. वॉलिस त्या सकाळी रडला. पुराखाली शेकडो माणसं मेली आणि त्यांत जबरदस्तीने कामाला आणलेल्या परदेशी बाया होत्या. त्यांच्यासाठी कोण रडलं, ते ठाऊक नाही. १९५१ साली सरकारने त्याला शोधाबद्दल १०,००० पौंड दिले. ते सगळे त्याने आपल्या शाळेला दिले, हवाई दलात मेलेल्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी. दुसरा कॉलिन डेव्हिस, बँकेतल्या कारकुनाचा मुलगा. सात भावंडं, घर दुकानाच्या माडीवर. घरात पियानो नाही. पियानो येत नाही म्हणून त्याला संगीतविद्यालयात वाद्यवृंद चालवायच्या वर्गात घेतलं नाही. तोच पुढे १९७१ पासून लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा संगीत संचालक झाला. तिसरा ब्रायन मॅगी, हॉक्स्टनच्या गरीब वस्तीतल्या कपड्याच्या दुकानदाराचा पोरगा. पार्लमेंटात गेला आणि टीव्हीवर सामान्य माणसाला तत्त्वज्ञान समजावून सांगितलं.

आणि तो निळा डगला? शाळेने काही वर्षांपूर्वी मुलांनाच विचारलं, हा ठेवायचा का बदलायचा. बहुतेक सगळी म्हणाली, ठेवा. ज्या कपड्याने गरिबी दुरून ओळखू यायची, तोच आज पोरं मानाने घालतात, आणि शाळा तो अजून फुकटच देते.

आता हे सगळं आम्ही इथे का सांगतोय? कार्यकारिणीच्या सभेत ठरलं की अभ्यासिकेत ‘आमचे गुणवंत’ असा संगमरवरी फलक लावायचा. पैसे जमले, चांगली गोष्ट आहे. पण यादी करताना कुणीतरी म्हणालं, फक्त क्लास वन, डॉक्टर, इंजिनियर. आम्ही सभेला होतो आणि गप्प बसलो, ही आमची चूक. यादी सूचनाफलकावर लागली. आपल्या अभ्यासिकेतून बारावी झालेला एक पोरगा रिक्षा चालवतो. सहा वर्षं तो रोज संध्याकाळी रिक्षा गल्लीत लावून पाचवी ते सातवीच्या पोरांना गणित शिकवायचा. एक रुपया घेतला नाही. त्याने ती यादी उभ्याने वाचली आणि निघून गेला. दोन महिने झाले, तो आलेला नाही. कुणाला काही बोललाही नाही.

त्या ख्राइस्ट्स हॉस्पिटलने असा फलक केला असता, तर लँबचं नाव त्यावर आलं नसतं. पदवी नाही, हुद्दा नाही. कारकून.

फलकाची ऑर्डर अजून दिलेली नाही, ते आम्ही सेक्रेटरींकडून खात्री करून घेतलं आहे. आमची कार्यकारिणीला विनंती आहे की ऑर्डर थांबवावी. त्याऐवजी एक जाड वही ठेवावी. अभ्यासिकेत बसलेला प्रत्येक माणूस, मुलगा-मुलगी, शाळा सुटलेले, लग्न होऊन गेलेल्या लेकी, सगळ्यांनी आपलं नाव, शिक्षण आणि काम आपल्या हाताने लिहावं. वही आम्ही आणली आहे. आमच्या पोरीने तिला खाकी कव्हर घातलंय.

दुसरं, गणिताचा वर्ग दोन महिने बंद आहे आणि सहामाही जवळ आली आहे. येत्या रविवारी सकाळी आम्ही त्या पोराच्या घरी जाणार आहोत. यादी ज्यांनी केली त्यांच्यापैकी कुणी बरोबर आलं तर बरं होईल. दहा वाजता विहाराच्या पायरीपाशी थांबतो. सर्वांना जयभीम.